आईचं हिमोग्लोबिन दर तीन महिन्यांनी ६ वर येतंय, आता दुर्बिणीत "कलिंगडाचं पोट" निघालंय. कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, पण अर्धवट लिहिलं तर कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

आई ६७ वर्षांची, गावाकडे असते, वाळवा तालुक्यात. दोन म्हशी, परसात भाजी, सगळं स्वतः करणारी बाई. २०२२ च्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा ती फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवताना मध्येच खाली बसली, म्हणाली दम लागतोय. चेहरा पांढराफटक, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत लाली अशी नाहीच. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.२. दोन बाटल्या रक्त चढवलं, आयर्नच्या गोळ्या दिल्या, ९.८ झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. फेब्रुवारीत परत ६.८.

तेव्हापासून हेच चाललंय. आधी म्हणाले मूळव्याधीतून जात असेल, मग म्हणाले वयामुळे, खाणंपिणं नीट नाही म्हणून. पहिली एंडोस्कोपी झाली त्यात लिहून आलं जठराला सूज आहे, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू. मोठ्या आतड्याची दुर्बीणही केली, ती नॉर्मल. अडीच वर्षांत ११ बाटल्या रक्त चढलंय, भाऊ आणि त्याचे मित्र आळीपाळीने रक्तपेढीत जाऊन देऊन आलेत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आई तांदूळ निवडायला बसली की मूठमूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकते. आम्हाला वाटायचं सवय आहे. पण रक्त चढवलं, आयर्न दिलं की ते खाणं आपोआप बंद होतं आणि परत सुरू झालं की समजायचं हिमोग्लोबिन घसरलं. वहिनी आता रिपोर्टच्या आधी तांदळावरून सांगते.

गेल्या महिन्यात मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी परत एंडोस्कोपी केली आणि स्क्रीनवर आम्हाला दाखवलं. जठराच्या खालच्या तोंडाकडे जाणारे लाल लाल पट्टे, खरंच कलिंगडाच्या सालीवर असतात तसे. म्हणाले याला वॉटरमेलन स्टमक म्हणतात, शॉर्टमध्ये गेव्ह. एपीसी करावं लागेल, आतून जाळायचं, एकदा करून भागत नाही, तीन-चार सिटिंग लागतील.

आई म्हणतेय आता या वयात पोटात आग कशाला घालून घेऊ, रक्त चढवता तेवढं चढवा. मला विचारायचंय, कुणी हे केलंय का, त्रास किती होतो, आणि नंतर खरंच रक्त थांबतं का की परत येतं? आणि हे झालं कशाने, ते कुणीच नीट सांगत नाही.

---

वैनगंगा_दादा

ताई, माझ्या बाबांना हेच होतं. आमच्याकडे विदर्भात टरबूज म्हणतात, तर आम्ही घरात "टरबुजाचं पोट" असंच म्हणायचो, कारण ते इंग्रजी नाव बाबांच्या लक्षात राहत नव्हतं.

आधी तुमच्या आईच्या भीतीबद्दल सांगतो कारण बाबापण हेच म्हणत होते, जाळायचं म्हटलं की माणसाला चूल दिसते. तसं काही नसतं. जशी एंडोस्कोपी झाली तशीच, झोपेचं इंजेक्शन देतात, पोटावर टाका नाही, चिरा नाही, अर्ध्यापाऊण तासात बाहेर येतात. बाबांना त्या संध्याकाळी पोटात थोडं गच्च वाटायचं, गॅस भरल्यासारखं, दुसऱ्या दिवशी मऊ भात-वरण खाल्लं. बस.

पण एकदा केलं आणि संपलं असं नाही झालं, हे खरं सांगतो. पाच सिटिंग झाले. पहिल्या दोननंतर आम्हाला काही फरकच दिसला नाही आणि घरात वाद झाला की बंद करा हे सगळं, पैसे जाताहेत. तिसऱ्यानंतर पहिल्यांदा असं झालं की दोन महिने झाले तरी हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं नाही. म्हणून सांगतो, दोनवर थांबू नका.

आणि एक, ज्याचा मला अजून त्रास होतो. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता म्हणून लिव्हरकडे कुणी बघितलंच नाही. शुगर होती, पोट सुटलेलं होतं, सोनोग्राफीत दरवेळी "फॅटी लिव्हर" लिहून यायचं आणि आम्ही म्हणायचो ते तर सगळ्यांनाच असतं. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या होत्या, लिव्हर बिघडल्याची तीही एक खूण असते, तो आकडा रिपोर्टमध्ये ठळक छापलेला असायचा, पण आमचं सगळं लक्ष हिमोग्लोबिनच्या ओळीवर. शेवटी फायब्रोस्कॅन केला, लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात तो, तेव्हा कळलं लिव्हर सिरॉसिसपर्यंत गेलंय, म्हणजे आतून चट्टे पडून कडक झालंय. तुमच्या आईचे जुने सीबीसी, म्हणजे रक्ताच्या मोजणीचे रिपोर्ट, काढा आणि प्लेटलेटची ओळ बघा, आजच बघा.

---

ओपीडीतून

मी फिजिशियन आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही, पण असे काही पेशंट पाहिलेत. आईंना न तपासता सल्ला देत नाही, आजार काय आहे ते मात्र सांगू शकतो.

जठराचा शेवटचा भाग, जिथून अन्न लहान आतड्यात उतरतं, त्याला अँट्रम म्हणतात. तिथल्या आतल्या अस्तरातल्या बारीक केशवाहिन्या फुगतात, काहींमध्ये छोट्या गुठळ्या बसतात, आजूबाजूला तंतुमय पेशी वाढतात. या वाहिन्या अगदी वरवर असतात, अन्न घुसळताना जठर तिथे जोरात आवळतं, आणि त्या पाझरत राहतात. धो धो रक्त क्वचितच, रोज थोडं थोडं. १९५३ मध्ये याचं पहिलं वर्णन झालं, कलिंगडाचं नाव १९८४ मध्ये मिळालं. दुर्मिळ आहे, वरच्या पचनमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावात, फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव वगळला तर, शेकडा ४ च्या आसपास पेशंट याचे असतात. उतारवयातल्या बायकांमध्ये जास्त.

पहिल्या एंडोस्कोपीत सूज लिहून आली म्हणून त्या डॉक्टरांवर लगेच रागावू नका. लालसर अँट्रम रोज दिसतो आणि बहुतेक वेळा तो जठराची सूजच असतो. पट्टे स्पष्ट नसतील, नुसते लाल ठिपके पसरलेले असतील, सिरॉसिसमध्ये बऱ्याचदा तसंच असतं, तर चूक होते. पण सूज म्हणून गोळ्या दिल्या आणि तरीही हिमोग्लोबिन परत परत पडतंय, तिथे थांबून पुन्हा बघायला पाहिजे होतं, तेवढं मात्र म्हणेन. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी हा स्राव थांबत नाही.

लिव्हरच्या पेशंटमध्ये जठराचा अजून एक आजार होतो, पोर्टल प्रेशर, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब, वाढल्यामुळे. तो बहुधा जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात, खवल्यांसारखा दिसतो, आणि त्याला प्रेशर कमी करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. गेव्हला होत नाही. दोन्हीत गल्लत झाली तर महिनोन् महिने चुकीची गोळी चालू राहते, म्हणून शंका असेल तर बायोप्सी.

एपीसी म्हणजे दुर्बिणीच्या नळीतून आर्गॉन वायू सोडतात आणि त्यातून वीज वाहते, अस्तराला स्पर्श न करता वरचे काही मिलिमीटर भाजले जातात. खोल जात नाही म्हणूनच ते तिथे वापरता येतं, आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा करावं लागतं. सिटिंगमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवतात, भाजलेल्या जागी जखम असते ती भरण्यासाठी अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. कधीतरी जठराचं खालचं तोंड आकसतं किंवा पॉलिप होतात, पण क्वचित. एपीसीने भागलं नाही तर त्या जागेला रबरी बँड लावतात, काही अभ्यासांत बँडला सिटिंग कमी लागले आणि रक्तही कमी चढवावं लागलं असं दिसलंय. रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. जठराचा तो भाग कापून काढणं हा अगदी शेवटचा उपाय. लिव्हर बदललेल्या पेशंटमध्ये मात्र गेव्ह आपोआप गेल्याचं पाहिलं गेलंय.

यश कशावर मोजायचं ते आधीच ठरवा. आतले पट्टे पूर्ण जाणं महत्त्वाचं नाही. रक्ताच्या बाटल्यांमधलं अंतर किती वाढलं ते बघा.

आई रक्त पातळ करणारी गोळी किंवा गुडघ्यासाठी पेनकिलर घेतात का ते जरूर सांगा डॉक्टरांना. पेनकिलर बंद. हृदयाची गोळी असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

---

आजोळ५२

बाळ, माझं ऐकशील तर आईला रोज बीट, काळे मनुके, खजूर आणि लोखंडी कढईतली पालेभाजी सुरू कर. आमच्या वेळी रक्त याच्यावरच भरायचं. इतकं जाळायला कशाला जायचं.

---

स्लाइड_आणि_स्टेन

काकू, तुम्ही मायेने सांगताय आणि पालेभाजी खायला हरकत काहीच नाही, पण मी ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, त्या हिशोबाने बोलते.

१ मिली रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं. रोज फक्त दोन चमचे, म्हणजे १० मिली रक्त पाझरलं तर ५ मिलीग्रॅम लोह गेलं. आणि चांगलं चौरस जेवण जेवूनसुद्धा शरीर दिवसाला १-२ मिलीग्रॅमच लोह शोषून घेतं. घागर खालून गळतेय आणि आपण वरून वाटीने पाणी ओततोय. तुम्ही बीट किलोभर दिलं तरी हा हिशोब जुळत नाही.

आणि हे दोन चमचे रक्त शौचात दिसतही नाही बरं का. शी काळी व्हायला एका वेळी निदान ५० मिलीच्या आसपास रक्त जावं लागतं. म्हणून घरात कुणाला कळत नाही. त्यात आयर्नच्या गोळीनेपण शी काळी होते, माणूस म्हणतो गोळीचाच रंग आहे. फरक असा की गोळीची काळी शी घट्ट असते, हिरवट झाक असते, आणि रक्ताची डांबरासारखी चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि तो वास एकदा घेतला की विसरत नाही. तशी झाली तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

ताई, गोळ्या आई कशा घेतात? मी कितीतरी बायका बघितल्या, सकाळी थायरॉईडची गोळी, तिच्यावर लगेच आयर्न, वरून चहा. सगळं वाया. थायरॉईडची गोळी आणि आयर्न यात चार तास तरी पाहिजेत, चहा आयर्नच्या आधी-नंतर तासभर नको. अ‍ॅसिडिटीच्या गोळीनेसुद्धा लोह कमी शोषलं जातं आणि तुमच्या आईला तीच तर अडीच वर्षं चालू आहे. अशा पेशंटला सलाईनमधून आयर्न द्यायचं का ते विचारा, पोटाला वळसा घालून ते थेट रक्तात जातं. आमच्याकडे यायच्या त्या पेशंटचे आकडे सलाईननंतर जास्त टिकायचे.

फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी, केलंय का? आणि शुगर असेल तर एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, सध्या विसंबू नका, लोह कमी असलं की तो खोटा जास्त येऊ शकतो आणि रक्त चढवल्यावर तर त्याला अर्थच उरत नाही.

---

थंडीची_पुणेकर

कृष्णाकाठची ताई, एकच विचारते, नीट आठवून सांगा. तुमच्या आईची बोटं थंडीत किंवा गार पाण्यात पांढरी पडतात का? म्हणजे अगदी खडूसारखी, मग निळसर, मग परत गरम झाली की लाल आणि झिणझिण्या?

मी ४९ वर्षांची आहे, मला स्क्लेरोडर्मा आहे, कातडी आणि आतले अवयव घट्ट होत जाण्याचा आजार, आणि त्यातूनच मला गेव्ह झालं. तुम्ही विचारलंत ना हे कशाने होतं, तर लिव्हर हे एक कारण, किडनीच्या जुन्या पेशंटनाही होतं, आणि तिसरं मोठं कारण म्हणजे हे आमचे ऑटोइम्यून आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. माझी बोटं आठ वर्षं पांढरी पडत होती आणि मी हातमोजे घालून भांडी घासत होते, एवढंच. फ्रिजमधून कणीक काढली की बोटं जायची. कुणाला सांगायचं सुचलंच नाही, याचा रक्ताशी संबंध असेल हे डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. पुणेकर ताई, तुमचं वाचून मी रात्री आईला फोन केला. ती म्हणाली हो की, किती वर्षं होतंय, पहाटे धार काढून झाली की किटली विसळते ना गार पाण्यात, तेव्हा पुढची दोन पेरं मेल्यासारखी होतात, चुलीपुढं धरली की येतात. मी विचारलं कधी बोलली का नाहीस, तर म्हणे थंडीनं सगळ्यांचंच होतं. आणि अंगठी. बाबांनी दिलेली अंगठी दोन वर्षांपूर्वी निघेना म्हणून सोनाराकडे कापून काढली होती, आम्ही म्हणालो हात सुजलाय, वय झालं, तेही याच आजाराने असेल हे आत्ता डोक्यात आलं. मी फोन ठेवून बराच वेळ तशीच बसले.

वैनगंगा दादा, प्लेटलेट बघितल्या, सगळ्या रिपोर्टमध्ये दोन लाखांच्या वर आहेत. सोनोग्राफीत लिव्हरही ठीक आहे.

लॅबवाल्या ताई, थायरॉईड नाही, पण आयर्नची गोळी चहाबरोबरच घेत होती. गुडघ्याची पेनकिलर मेडिकलमधून आणून घेते हेही आत्ता कळलं, ती बंद केली.

---

थंडीची_पुणेकर

मग संधिवाततज्ज्ञांना दाखवाच, एएनए लिहून देतील, ही ऑटोइम्यून आजारांची पहिली रक्ततपासणी, पुढच्या अँटीबॉडी त्यावरून ठरतात. आणि घाबरू नका, सगळ्यांचा आजार सारख्या वेगाने जात नाही. फुप्फुसं आणि हृदय बघून घेतील, टूडी इको आणि छातीचा स्कॅन सांगतील, त्याने धक्का बसू देऊ नका, तो या आजारात सगळ्यांनाच सांगतात.

एपीसी मात्र त्यासाठी थांबवू नका. दोन्ही एकदम चालू शकतं. माझे चार झाले, दोन वर्षांनी परत एकदा करावा लागला. मध्ये दर दोन महिन्यांनी सीबीसी, ते मी गॅसच्या सिलेंडरसारखं कॅलेंडरवर लिहून ठेवते.

---

वैनगंगा_दादा

एक राहिलं. जे हॉस्पिटल सरकारी योजनेत असतं तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी विचारा काय बसतं आणि काय नाही. आणि रक्ताच्या प्रत्येक बाटलीची तारीख वहीत लिहा, आम्ही मागची सगळी कागदं शोधत बसलो होतो. डॉक्टरांनी बाबांची वही बघितली आणि पहिल्यांदा अर्धा तास बसून बोलले आमच्याशी.

---

कृष्णाकाठची

पाच महिन्यांनी परत लिहितेय, धागा शोधायला लागला.

एएनए पॉझिटिव्ह आला, पुढे अँटिसेंट्रोमिअर नावाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह. स्क्लेरोडर्माच, मर्यादित प्रकारचा. इको आणि फुप्फुसांचा स्कॅन सध्या तरी चांगला आहे. बोटांसाठी गोळी चालू आहे, आणि भावाने परसात बंब बसवून दिला, किटली आता गरम पाण्याने विसळतात.

एपीसीचे तीन सिटिंग झाले. पहिल्याला आई रात्रभर जागी होती, मी पण. बाहेर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं, तर म्हशींना चारा घातला का. दुसऱ्यानंतर आठवडाभर पोटात कळ येत होती, तेव्हा मला वाटलं चुकलं आपलं, वैनगंगा दादांचं "दोनवर थांबू नका" आठवलं म्हणून तिसऱ्याला नेलं. आयर्नचं सलाईनही दोनदा दिलं. आज हिमोग्लोबिन १०.६ आहे आणि शेवटची रक्ताची बाटली चढवून चार महिने आणि नऊ दिवस झालेत. वही केलीय, त्यातलंच बघून सांगतेय.

परवा गेले होते. आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती, मी समोर लसूण सोलायला घेतला आणि तिच्या हाताकडेच बघत होते. खडे काढून बाजूला टाकत होती. सगळं सूप निवडून झालं तरी एक दाणा तोंडात गेला नाही. तिच्या लक्षात आलं मी बघतेय ते. म्हणाली, "आता नको वाटतात गं, मातकट लागतात."

पुढची दुर्बीण १८ तारखेला आहे, त्याआधी सीबीसी. रिपोर्ट आला की टाकते. पुणेकर ताई, तुम्ही हातमोजे कुठले वापरता ते सांगा, आईला पहाटेसाठी हवेत, आतून लोकर असलेले मिळाले तर बरं.